फोडायची पुडी आणि बुडवायची पुडी

नाशिक नऊ टेकांवर वसलं, अशी जुनी समजूत आहे. ते नऊ टेक मोजायला निघालेला पाहुणा तिसऱ्या टेकावर दमतो आणि चहाला थांबतो, एवढं मी स्वानुभवानं सांगू शकते. आमच्या गावाची कीर्ती द्राक्षांची, चिवड्याची, तांब्यापितळेच्या भांड्यांची आणि अलीकडे मिसळीची. चहाचं नाव त्या यादीत कोणी घालत नाही. आणि ते रास्तच आहे, कारण आमच्याकडे चहाचे मळे नाहीत. गवती चहा परसात हवा तेवढा माजतो. पण तो नावाचा चहा, जातीचं गवत! असं असूनही पहाटेच्या काकडआरतीपासून रात्रीच्या शेवटच्या बसपर्यंत हे गाव चालतं ते चहावरच.

गेल्या काही वर्षांत मात्र आमच्याकडल्या पांढरपेशा घरांत, फळीवरच्या चहाच्या डब्याशेजारी एक चकचकीत खोका येऊन बसला आहे. त्यात दोरा बांधलेल्या पंचवीस नाहीतर शंभर पुड्या असतात. पाहुणे आले की घरधनीण क्षणभर घुटमळते आणि विचारते, “साधा चालेल, की डिप?” पाहुणेही संकोचाने म्हणतात, “काहीही चालेल हो, त्रास घेऊ नका.” म्हणजे निर्णय पुन्हा तिच्याच गळ्यात! डबा की खोका, हा प्रश्न वरवर पाहिला तर दोन मिनिटांचा आणि चार घोटांचा. पण थोडं खोलात शिरलं की कळतं, आपण एकमेकांबरोबर कसे राहतो, हेच त्यात विचारलेलं असतं. म्हणून म्हटलं, या दिवाळीला वाचकांना गंगेच्या घाटापासून गंगापूर धरणापर्यंत एक फेरी घडवावी आणि वाटेत या प्रश्नाचा निकाल लावता आला तर पाहावा. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो; काशीकरांनी राग मानू नये.)

निघण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठी शिकवणाऱ्या बाईला तेवढी सवलत असावी. या दोरेवाल्या वस्तूला मराठीत अजून नीटसं नाव मिळालेलं नाही. कोणी ‘टी-बॅग’ म्हणतं, कोणी ‘डिप’. मला विचाराल तर ‘पुडी’ हाच शब्द चपखल आहे; पण तो आधीच दुसरीकडे नांदतो आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आजही चहाची पुडी मिळते. रोजच्या कमाईवर रोजची चूल पेटणाऱ्या घरात महिन्याचा चहा एकदम भरत नाहीत. संध्याकाळी मीठ-मिरचीबरोबर एक चहाची पुडी घेतात, ती फोडतात आणि पातेल्यात रिकामी करतात. म्हणजे पुडी आपल्याला नवी नाही. गरिबाची पुडी फोडायची असते आणि नव्या खोक्यातली पुडी फोडायची नसते, नुसती बुडवायची असते, एवढाच काय तो भेद. आता चला.

पहाटे पाचला रामकुंडावर यावं. थंडीच्या दिवसांत पाण्यावर धुकं तरंगत असतं. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली मंडळी स्नान करून हुडहुडत वर येतात आणि कपडे बदलले न बदलले तोच पावलं टपरीकडे वळतात. तिथे भलंमोठं पातेलं सारखं रटरटत असतं. चहावाला आल्याचा तुकडा ठेचतो, मूठभर भुकटी झोकतो, पळीनं चहा वर उचलून धारेनं पुन्हा खाली सोडतो. त्याचं माप त्याच्या डोळ्यांत. समोर दहा माणसं उभी असताना आणखी चार आली, तर तो कपाळाला आठी घालत नाही. तांब्याभर पाणी, थोडं दूध, अर्धी मूठ भुकटी, आणि पातेलं चौदांचं होतं. उकळत्या चहाचा हा मोठा गुण. त्यात आणखी एका माणसाची सोय नेहमीच असते.

रामकुंडावर सगळे काही पुण्य जोडायला येत नाहीत. अस्थी घेऊन येणारे, दशक्रियेला बसणारे रोजचेच. विधी आटोपलेला एखादा मुलगा शून्य नजरेनं पायरीवर बसलेला असतो आणि बरोबरचे काका-मामा काही न बोलता त्याच्या हातात चहाचा पेला देतात. साखर किती, दूध किती, हे त्या वेळी विचारायचं नसतं. आपल्याकडे घरात कोणी गेलं की चूल पेटत नाही. शेजारून चहाची किटली येते. अशी किटली मी नेलेली आहे आणि आमच्याकडे ती आलेलीही आहे. अशा प्रसंगी माणसापुढे गरम पाण्याचा पेला आणि दोरा बांधलेली पुडी ठेवून ‘घ्या, हवी तितकी बुडवा’ असं म्हणता येईल का? करून दिलेल्या चहात एक न बोललेलं वाक्य असतं : तुम्ही बसा, आज तुम्ही काही करायचं नाही.

घाटावरून पंचवटीत वर चढलं की थोड्याच अंतरावर काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी नाशिकात त्याची धुरा वाहिली आणि तो काही वर्षं चालला. तिथे मागणी होती देवाच्या दर्शनाची. पण तोच तंटा पाणवठ्यावर होता आणि चहाच्या दुकानातही होता. कितीतरी गावांत काही माणसांचा कप वेगळा, त्यांची बसायची जागा वेगळी आणि तो कप त्यांनीच विसळून ठेवायचा, असा रिवाज असे.

चहाच्या पेल्यावरून आपल्या समाजानं माजवलेलं रणकंदन आठवलं की आज हसावं की रडावं ते कळत नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं आली. मंडळी साधीसुधी नव्हती. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले अशी माणसं त्यांत होती. पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि एका पेल्याच्या प्रायश्चित्तावरून पुण्यात दोन-तीन वर्षं वादाचा धुरळा उडाला. दोऱ्याची पुडी त्या काळी असती, तर एखाद्या चतुर वकिलानं ‘हिला कोणाचा हात लागलेला नाही’ असा बचाव नक्की केला असता. पण मग पाणी कोणी तापवलं, हा प्रश्न उरलाच असता!

आज मंदिराबाहेरच्या टपरीवर पुजारी, रिक्षावाला, फुलवाली, परगावचा यात्रेकरू आणि कॉलेजातली पोरं एकाच पातेल्यातला चहा एकसारख्या पेल्यांतून पितात. सगळीकडची सगळी अढी गेली, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण जेवढी गेली तेवढी आपोआप गेलेली नाही. एका पातेल्यातून पिण्याचा हक्क लोकांनी भांडून मिळवला आहे. ज्याला आपण ‘साधा’ चहा म्हणतो त्याच्या मागे एवढा इतिहास उभा आहे. म्हणून त्याला फळीच्या मागल्या रांगेत ढकलण्यापूर्वी जरा विचार करावा, असं मला वाटतं.

पूल ओलांडून गावात आलं की भांडी बाजार. तांब्यापितळेच्या लखलखाटात आता स्टीलचीच सरशी आहे. तरीही या गल्लीतून रिकाम्या हातानं परत येणारी बाई मी पाहिलेली नाही. गाळणी घ्यायला म्हणून गेले, तर दुकानदार सहज म्हणाले, “ताई, पूर्वी चहाचं पातेलं घेताना बायका विचारायच्या, ‘दहा कप मावतील ना?’ आता विचारतात, ‘दोन कपांना फार मोठं तर नाही व्हायचं?’” आपल्या कुटुंबांचा इतिहास लिहायला बसणाऱ्यानं या दुकानदारांना जरूर भेटावं. घरं लहान झाली, माणसं पांगली, प्रत्येकाची उठायची वेळ वेगळी झाली. दोऱ्याची पुडी आपल्या घरात आली ती या वाटेनं.

तिथून पुढे मेन रोड आणि चहाचं दुकान. इथे एक गैरसमज दूर करून घ्यावा. डब्यात अस्सल पान आणि पुडीत केरकचरा, असं पुष्कळांना वाटतं. इंग्लंडात किंवा दार्जिलिंगात हा वाद अखंड पान आणि पुडीतली भुकटी यांच्यात असेल. आपल्या डब्यात मात्र पान असतंच कुठे? असतो तो दाणा. १९३०च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर नावाच्या साहेबानं एक यंत्र तयार केलं. दातेरी रूळ एकमेकांवर उलट दिशेनं आणि वेगवेगळ्या गतीनं फिरतात. त्यांच्यामधून चहाचं पान चिरडलं, फाटलं, वळलं जातं आणि त्याचे गोळीदार दाणे होतात. हाच तो ‘सीटीसी’ चहा. त्याचा रंग लवकर उतरतो, कडकपणा भरपूर असतो, दूध घातलं तरी तो दबत नाही आणि मुख्य म्हणजे तो खिशाला परवडतो. आपला दूध-साखरेचा चहा घरोघरी रुजला त्यात या यंत्राचा वाटा मोठा आहे.

दुकानदार या दाण्याची चाळणीनं प्रतवारी झालेली वाणं पुढे ठेवतात : मोठा दाणा, बारीक दाणा, आणि डस्ट म्हणजे भुकटी. कण जितका बारीक तितका अर्क लवकर उतरतो. म्हणून जाणती बाई दोन्ही मिसळून घेते. दाणा चवीला, भुकटी रंगाला. बुडवायच्या पुडीतही असाच बारीक माल भरतात, कारण तिला दोन-तीन मिनिटांत कप तयार करून दाखवायचा असतो. तेव्हा डब्यातला आणि पुडीतला चहा हे बहुधा सख्खे भाऊ. एकाला आच मिळते आणि दुसऱ्याला नुसती ऊब, एवढाच फरक. पण त्या फरकानं चव पालटते. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा बांधून ठेवतात; म्हणून दूध भरपूर घालायचं तर अर्क आधी पाण्यात खळखळून काढलेला असावा लागतो. पुडी थेट गरम दुधात बुडवली की जे तयार होतं, त्याला आमच्या आजीच्या भाषेत फुळकवणी म्हणतात.

नाशिकच्या घरांत ओळखीचं असलेलं ‘सपट परिवार’ चहाचं पाकीट याच दुकानात दिसतं. चहाला ‘परिवार’ हे नाव ज्या कोणाला सुचलं त्याला मी मनातल्या मनात दाद देते. कारण पातेल्यातला चहा खरोखरच परिवाराचा असतो. बुडवायच्या पुडीचा जन्मच मुळी उलट्या कारणासाठी झाला. अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन या दोन स्त्रियांनी १९०१ साली सुती जाळीच्या चहापिशवीसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९०३ साली त्यांना ते मिळालं. एका कपासाठी अख्खी किटलीभर चहा करावा लागतो आणि तो वाया जातो, ही त्यांची अडचण. पुढे १९०८ साली न्यूयॉर्कच्या टॉमस सुलिव्हन नावाच्या व्यापाऱ्यानं गिऱ्हाइकांना रेशमी पिशव्यांतून चहाचे नमुने पाठवले आणि गिऱ्हाइकांनी ते पिशवीसकट पाण्यात बुडवले, अशी एक गमतीदार कथा सांगतात. १९५३ साली टेटली कंपनीनं पुडी इंग्लंडच्या बाजारात आणली आणि किटलीचा अभिमान मिरवणारा तो देश बघता बघता पुडीवर आला. २००० साली ती टेटली कंपनीच आपल्या टाटांनी विकत घेतली, हा काळाचा आणखी एक विनोद.

पण खरी गंमत पुढेच आहे. आपल्या लोकांना चहाची गोडी लागावी म्हणून स्वातंत्र्यापूर्वी चहाच्या व्यापाऱ्यांनी देशभर मोठी मोहीम चालवली होती. रेल्वे स्टेशनांवर एनॅमलचे फलक लावून चहाची रीत शिकवली जात असे : ताजं पाणी उकळा, कपामागे एक चमचा पत्ती घाला, झाकून मुरू द्या, मग दूध-साखर घाला. आपल्या लोकांनी तो पाठ नीट वाचला आणि मग आपल्या मनासारखं केलं! पत्ती, दूध, साखर, आलं सगळं एकत्र खदखदा उकळलं. तेव्हा व्यापारी नाराज झाले, कारण अशा चहाला पत्ती कमी लागते. आज पुडीच्या खोक्यावर छापलेली कृती म्हणजे स्टेशनवरच्या त्या फलकाचाच पुनर्जन्म आहे. जो धडा आपण तेव्हा धुडकावला, तो आता दोरा बांधून परत आला.

मग पुडीला घराबाहेर काढावी का? छे! असा निकाल द्यायला मी काही शंकराचार्य नव्हे. आणि पुढच्या मुक्कामाला जे ऐकायला मिळालं, त्यानंतर तर नाहीच.

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आमच्या ओळखीचे एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. आजी गेल्या, मुलगा परदेशी. गॅस पेटता राहील या धास्तीनं मुलगा विजेची किटली आणि शंभर पुड्यांचा खोका ठेवून गेला. मी खोक्याकडे पाहून हसले, तेव्हा आजोबा गंभीरपणे म्हणाले, “हसू नकोस. पहाटे चारला जाग येते. शेजारी कोणाचं दार वाजवावं लागत नाही. किटली आपली आपण बंद होते. ही पुडी आहे म्हणून मी अजून माझ्या घरात राहतो आहे.” मग उठून त्यांनी फळीवरून पातेलं काढलं. मी पुढे झाले, तर म्हणाले, “बस तू. एकटा असलो की पुडी, दुसरं माणूस आलं की पातेलं, असा माझा नेम आहे. आणि करणार मीच. पंच्याहत्तरीपर्यंत मला चहा होत असे. आता मी करतो.”

हे वाक्य मी वर्गात सांगते. ‘चहा झाला का?’ या आपल्या रोजच्या वाक्यात चहा हाच कर्ता आहे. तो आपला आपण होतो. करणारी वाक्याच्या बाहेर, स्वयंपाकघरात उभी असते. आणि ‘चहा टाक’ हे वाक्य निघतं ते बहुतेक आज्ञार्थी, बहुतेक एकाच दिशेनं, बैठकीच्या खोलीतून आतल्या खोलीकडे! पातेल्यातल्या चहाचे मी एवढे गोडवे गायले. पण त्या पातेल्यापाशी दूध उतू जाऊ नये म्हणून उभं कोण असतं, हे विसरून चालणार नाही. दिवसाला चार वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं म्हटलं, तरी महिन्याला तीस तास झाले. हे तीस तास पुडीनं कितीतरी बायकांना परत मिळवून दिले आहेत. मुळात ती सुचलीच दोन बायकांना, यात मला तरी नवल वाटत नाही.

कॉलेज रोडवर आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत हेच घडलं. पूर्वी शिपाईमामा ऊन असो, पाऊस असो, खाली जाऊन किटली भरून आणीत आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी, उरला तर, थंडगार चहा पीत. आता टेबलावर विजेची किटली आहे, खोका आहे. ज्याचा त्यानं करून घ्यावा. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला बिनदुधाचा; कोणावर कोणाची सक्ती नाही. मामाही खुर्चीवर बसून आपली पुडी बुडवतात. हे उत्तमच झालं. एक मात्र जाणवतं. पूर्वी किटली आली की सगळे एकदम हातातली कामं टाकून जमत आणि त्या दहा मिनिटांत ज्ञानेश्वरीपासून महागाई भत्त्यापर्यंत सगळं बोलून होई. आता जो तो आपल्या वेळेला आपला कप घेऊन आपल्या टेबलाशी जातो.

आमची फेरी संपते गंगापूर धरणाकडे, द्राक्षमळ्यांच्या बाजूला. या धरणाचं पाणी नाशिकच्या नळांना येतं आणि नाशिकच्या चहाला लागतं. (विंधनविहिरीच्या जड पाण्यानं चहावर तवंग धरतो, हे नव्या वसाहतींत राहणाऱ्या गृहिणींना सांगायला नको.) इकडे नवनवी हॉटेलं उभी राहिली आहेत. खोलीत शिरावं तो तबकात सगळं मोजून मांडलेलं : किटली एक, कप दोन, पुड्या मोजक्या. रात्री अकराला दमूनभागून आलेल्या प्रवाशाला कोणालाही न उठवता चहा मिळतो, ही सोय लहान नाही. पण शेजारच्या खोलीतलं जोडपं गप्पा मारायला आलं, की तबक अपुरं पडतं आणि फोन उचलावा लागतो. पुडी माणसं मोजते. पातेलं मोजत नाही.

आता व्यवहाराचं दोन शब्दांत सांगते. पुडीत साधारण दोन ग्रॅम चहा असतो. म्हणजे पंचवीस पुड्यांच्या खोक्यात उणापुरा पन्नास ग्रॅम. पाव किलोच्या पाकिटात त्याच मापानं सव्वाशे कप होतात. दोन्हींचे भाव शेजारी मांडून पाहा. वरचे पैसे कागदाचे, दोऱ्याचे आणि सोयीचे. सुटा चहा हातात घेऊन पाहता येतो, हुंगता येतो. ओल्या टिपकागदावर चिमूटभर टाकला आणि लगेच रंगाचे ओघळ उठले, तर तो रंगवलेला आहे हे समजतं. पुडीच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. पुडीला पिन मारू नये, असं आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१७ साली बजावलं. तेव्हा गाठ बांधलेलीच घ्यावी. आणि त्या झिरझिरीत, रेशमासारख्या दिसणाऱ्या पिशव्यांना भुलू नये. त्यांतल्या पुष्कळशा प्लॅस्टिकच्या असतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली अशी एक पिशवी ९५ अंश तापमानाच्या पाण्यात ठेवून पाहिली, तर एका कपात प्लॅस्टिकचे सुमारे अकराशे साठ कोटी सूक्ष्म कण उतरले. पुडी हवीच असेल तर साध्या कागदाची किंवा सुती बरी. उरलेला चोथा गुलाबाला घालायचा असेल, तर डब्याच्या चहाचा थेट घालता येतो. पुडी आधी फोडावी लागते. म्हणजे शेवटी तीही फोडायचीच!

करण्याची रीत ज्याची त्याला प्यारी. तरी माझी सांगते. आधण येताना ठेचलेलं आलं आणि गवती चहाची दोन पाती घालावी, साखर घालावी, मग कपामागे एक लहान चमचा चहा. दोन मिनिटं पाण्यातच उकळू द्यावा, तापवलेलं दूध घालून एक उकळी आणावी, गॅस बंद करून मिनिटभर झाकून ठेवावा आणि गाळावा. पुडीला वेगळा न्याय : उकळतं पाणी तिच्यावर ओतावं, तीन मिनिटं बशी झाकावी, मग पुडी काढून चमचाभर दूध. ती पिळू नये. पिळली की कडवटपणा उतरतो. आणि तिच्याकडून पातेल्यातल्या चहाची अपेक्षा करू नये. एकटेपणी, पुस्तक वाचताना, बिनदुधाचा हलका चहा म्हणून ती फार गोड वागते.

तेव्हा डबा की खोका, याचं माझं उत्तर सांगते. फळीवर दोन्ही असू द्या. पहाटे एकट्या उठणाऱ्या आजोबांसाठी, रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मुलीसाठी, प्रवासाच्या पिशवीसाठी आणि दिवसभर राबून आलेल्या गृहिणीनं स्वतःपुरता निवांत घ्यायच्या कपासाठी खोका. दारात दुसरं माणूस उभं राहिलं की डबा. फक्त एक अट आहे, आणि ती नसेल तर माझं मत खोक्याला : डब्याशी घरातल्या सगळ्यांची ओळख हवी. बाबांची, दादाची, जावईबापूंचीही. या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन येणाऱ्यांना ‘साधा की डिप?’ असं विचारत बसू नका. आणि ‘चहा टाक गं’ म्हणून आतही ओरडू नका. उठा, आधण ठेवा, आणि कोण कोण येणार आहे याचा अंदाज घेऊन त्यात एक कप पाणी जास्त घाला.